एका दमाची तबकडी

“बसून दम निघत नाही रे,” मी म्हणाले आणि हेडफोन काढून निशिकांतच्या हातात दिले. “पळावं लागतं. आणि समोर पकडायला कुणीतरी असावं लागतं.”

“पकडायला?”

“नाहीतर दम धरायचा कशासाठी?”

निशिकांत म्हणजे माझा धाकटा दीर. तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि जन्मापासून लूटनमध्ये वाढलेला. लंडनच्या उत्तरेला हे मोटारींच्या कारखान्याचं गाव आहे. माझे सासरे, आप्पा, खेड तालुक्यातून बोटीवर गेले, इंजिन रूममध्ये ऐन उमेदीची वर्षं घालवली आणि मग इथे कारखान्याला लागले. थोरला मुलगा प्रभाकर त्याच कारखान्यात. त्यांच्याशी लग्न करून मी चिपळूणजवळच्या खेर्डीहून इथे आले, त्याला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात तीन पुरुष आणि मी.

निशिकांतच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला असायचा, एरवी त्याची यंत्रं मावायचीच नाहीत. त्या वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, इकडची पोरं शेतांत आणि रिकाम्या गोदामांत हजारोंनी जमून नाचायची. गाणारा नाही, वाजवणारे नाहीत, नुसता यंत्राचा ठोका आणि त्यावर कुठून कुठून उचललेले आवाज. निशिकांत असलं संगीत बनवायचा. त्याच्याकडे सॅम्पलर नावाची एक राखाडी पेटी होती. ती कुठलाही आवाज गिळून ठेवायची आणि कळ दाबली की पाहिजे तितक्या वेळा परत द्यायची. पोट मात्र तिचं लहान. चार-पाच घासांच्या वर मावायचं नाही.

आदल्या आठवड्यात मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढत होते. जिना एका दमात चढायची मला सवय होती, आणि चढताना तोंडातल्या तोंडात ‘कबड्डी कबड्डी’ चालायचं. माझं मलाही कळायचं नाही. निशिकांतनं दार उघडलं.

“वहिनी, ते काय म्हणतेस तू?”

“कुठे काय?”

“आत्ता. बडीबडीबडी असं काहीतरी. परत म्हण ना.”

त्याला समजावून सांगावं लागलं. कबड्डीत चढाई करणाऱ्या गड्यानं पलीकडे जायचं, कुणाला तरी शिवायचं, आणि मध्यरेषेवर परत यायचं. हे सगळं एका श्वासात. श्वास तुटला नाही हे पंचाला कळावं म्हणून तोंडानं अखंड ‘कबड्डी’ म्हणत राहायचं. त्यालाच दम म्हणायचं.

“आणि तू खेळायचीस?”

“थोडीफार,” मी म्हणाले. प्रभाकरनाही मी एवढंच सांगितलं होतं.

तर त्या रविवारी दुपारी आमच्या मागच्या अंगणात सामना झाला. अंगण म्हणजे हिरवळीचा एक तुकडा आणि त्याच्या कडेनं सिमेंटची वाट. झाडांना पाणी घालायची नळी आडवी टाकून मध्यरेषा केली. निशिकांतनं वरच्या खिडकीतून लांब वायर सोडली आणि मायक्रोफोन मफलरनं माझ्या गळ्याशी बांधला. समोर ते दोघे भाऊ. आप्पा खुर्ची टाकून पंच म्हणून बसले. इंजिन रूमनं त्यांचे कान निम्मे नेले होते, त्यामुळे दम ऐकू येणं कठीणच होतं, पण ते म्हणाले, “ओठ बघतो मी तुझे.”

“हात धरा एकमेकांचे,” मी दोघांना म्हणाले. “साखळी करा. मी आत आले की मला परत जाऊ द्यायचं नाही.”

“लागेल हं तुला,” प्रभाकर म्हणाले.

“तुम्ही तुमचं बघा.”

मी ओढणी कमरेला खोचली, वाकून नळीला हात लावला आणि श्वास भरून आत शिरले.

पाच वर्षांत मी धावले नव्हते. पहिली काही पावलं पाय माझे नव्हतेच. मग आले. मी डावीकडे झुकले, निशिकांत फसला, त्याच्या खांद्याला शिवून मी वळले. आता नळीपर्यंत जायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात प्रभाकरनी साखळी सोडून अंग टाकलं आणि माझा घोटा दोन्ही हातांनी धरला. मी सिमेंटच्या वाटेवर आपटले. गुडघा फुटल्याचं कळलं. ते मोठ्या शरीराचे गृहस्थ आहेत, आणि का कोण जाणे, त्या क्षणी त्यांनी मला खरंच धरलं होतं. दम संपत आला होता. शब्द राहिला नव्हता, नुसतं ‘ब्डीब्डीब्डी’ असं काहीतरी घशातून निघत होतं. मी कोपरांवर सरकत गेले, त्यांना ओढत गेले, आणि माझी बोटं नळीला लागली. मग मी श्वास घेतला. तो श्वास घेतल्याचा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला.

आप्पांनी हात वर केला. “सुटली,” ते म्हणाले.

प्रभाकर तसेच पालथे पडून माझ्याकडे बघत होते. “मालन,” ते म्हणाले, “थोडीफार खेळायचीस?”

मी गुडघा धुवायला आत गेले.

काही दिवसांनी निशिकांतनं मला वर बोलावलं आणि गाणं ऐकवलं. आधी ठोका, मग त्याखाली पोटात घुमणारा खालचा सूर, आणि मग माझा आवाज. सुरुवातीचा, ताजा दम. कबड्डीकबड्डीकबड्डी, त्या ठोक्याला अगदी चिकटून. मी हसले असेन. मग ते चालूच राहिलं. चालूच राहिलं. आवाज थकत नव्हता, उतरत नव्हता, तो सुरुवातीचा घास पेटी पुन्हा पुन्हा परत देत होती.  मी उठून दाराशी गेले.

“आवडलं नाही?” त्यानं गाणं थांबवलं.

“हा दम चोरीचा आहे.”

“म्हणजे?”

“मध्ये दुसरा श्वास घेतला की गडी बाद असतो. तू मला हजारदा श्वास दिलास. आणि मी परत आलेच नाही यात. मी तिकडेच आहे.”

“वहिनी, नाचणाऱ्यांना काय कळणार आहे?”

“मला कळतं ना.”

त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “घ्यायचा तर सगळा घे. नळीला हात लागेपर्यंत. नाहीतर राहू दे.”

तो वैतागला, आणि ते बरोबरच होतं. सबंध दम पेटीत मावत नव्हता. शिवाय मला पकडल्यावर आवाजाची गती बदलत होती, अडखळत होती. यंत्राचा ठोका काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, “ठोका थांबवायचा. दुसरा मार्गच नाही. सगळं थांबवायचं आणि टेपवरून नुसती तू.”

“मग?”

“मग काय, तुझा श्वास आला की परत सुरू.” त्यानं भात कालवला. “पण इतका वेळ बिनठोक्याचं कुणी उभं राहणार नाही, वहिनी. लोक पाणी प्यायला निघून जातील.”

डॅरनचंही तेच म्हणणं होतं. डॅरन म्हणजे निशिकांतचा मित्र. बाजारपेठेमागच्या गल्लीत त्याचं तबकड्यांचं दुकान होतं, आणि असली गाणी तो स्वतः छापून विकायचा. कुरळ्या केसांचा, बोलताना सतत गुडघा हलवणारा मुलगा. त्यानं दोन्ही गाणी ऐकली आणि तोडगा काढला: पहिल्या बाजूला चोरीचा दम, मागच्या बाजूला खरा. मागची बाजू कुणी वाजवत नाही, त्यामुळे बिघडत काही नव्हतं. मी हो म्हणाले. निदान खरा दम कुठेतरी होता.

“‘बडी, बडी’ म्हणतेय ना ही?” त्यानं विचारलं. इंग्रजीत बडी म्हणजे दोस्त.

“हो,” निशिकांत म्हणाला. समजावण्याचा कंटाळा आला असावा.

जूनमध्ये तबकड्या आल्या. काळ्याभोर, मधली चकती कोरी पांढरी. निशिकांतनं रबरी शिक्का करून आणला होता, त्यावर इंग्रजी अक्षरांत ‘दम’. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही चौघांनी शिक्के मारले. आप्पा सगळ्यात सावकाश मारायचे, पण त्यांचा एकही वाकडा गेला नाही. “हे गाणं कशात वाजतं?” त्यांनी दोनदा विचारलं, आणि प्रभाकर दोन्ही वेळा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “मैदानात, आप्पा.”

मग काही झालं नाही. डॅरन दुकानात पहिली बाजू लावायचा, पोरं मान हलवायची आणि दुसरं काहीतरी घेऊन जायची. खोकी आमच्या जिन्याखाली येऊन पडली. निशिकांत गोदामात रात्रपाळीला जाऊ लागला. एकदा मी त्याला म्हणाले, “माझ्यामुळे झालं का?” तो म्हणाला, “नाही गं. पहिली बाजू मी माझ्या मनासारखीच केली होती.” ते मला जास्त लागलं.

ऑगस्टअखेरच्या रविवारी सकाळी फोन वाजला. मी चहा ठेवत होते. निशिकांत कुठल्याशा रस्त्यावरच्या फोनवरून बोलत होता, मागे गाड्या जाण्याचे आवाज येत होते.

“वहिनी, तो वाजवणार आहे. काल त्याला दिली होती मी, आज कधीतरी लावतो म्हणालाय. तुम्ही या. सगळे या.”

“कोण तो? कुठे?”

त्यानं रस्ता सांगितला. दहा-बारा मैलांवर एका शेतात आदल्या संध्याकाळपासून नाच चालू होता, रीतसर परवानगी काढलेला. तबकड्या लावणारा तो माणूस त्या भागातला नावाजलेला होता. “आणि कोणती बाजू?” मी विचारणार होते, पण त्याची नाणी संपली.

प्रभाकरनी रविवारचा स्वेटर घातला. आप्पांना घरी ठेवावं असं आमचं चाललं होतं, पण ते कोट चढवून आधीच गाडीत जाऊन बसले होते.

गाडी कुंपणाच्या कडेला लावून आम्ही गहू कापलेल्या रानातून चालत निघालो. टेकाडापलीकडचं काही दिसत नव्हतं. आवाजही अजून नीट येत नव्हता. आप्पा मध्येच थांबले. त्यांनी काठी जमिनीत रोवली आणि तिच्या मुठीवर दोन्ही तळवे ठेवले.

“इंजिन चालू आहे,” ते म्हणाले.

टेकाडावर आलो आणि मी उभीच राहिले. खाली खोलगट शेत होतं आणि ते माणसांनी भरलं होतं. किती होती ते मला सांगता येणार नाही. आमच्या खेर्डीची जत्रा त्यात एका कोपऱ्यात मावली असती. रात्रभर नाचलेली माणसं, सकाळच्या उन्हात त्यांच्या अंगांमधून वाफ निघत होती, आणि ती वाफ सगळ्यांवर पातळ ढगासारखी उभी होती. पलीकडे घराएवढे उंच ध्वनिक्षेपक रचले होते. एवढी माणसं एकाच वेळी खालीवर होत होती आणि कुणी कुणाला सांगत नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

निशिकांत धावत आला. डोळे लाल, अंगात कुणाचं तरी जाकीट. त्यानं आम्हाला गर्दीच्या कडेनं पुढे नेलं. रंगवलेल्या गालांची एक मुलगी आप्पांकडे बघून हसली आणि तिनं आपल्या हातातलं सोललेलं संत्रं त्यांना दिलं. आप्पांनी ते निवांत, फोड फोड करून खाल्लं.

“कोणती बाजू?” आता मी विचारलं.

“माहीत नाही.”

आणि ते सुरू झालं. ठोका दोन्ही बाजूंना सारखाच होता, त्यामुळे अजून काही कळत नव्हतं. खालचा सूर आला तसा पोटऱ्यांतून वर चढला. मग माझा आवाज. घराएवढा. हवेतून नाही, जमिनीतून आल्यासारखा. माझा हात आपसूक गळ्याशी गेला, तो आवाज इथून निघत नाहीये ना हे बघायला. माणसं नाचत होती. माझ्या दमावर ती खालीवर होत होती.

आणि ठोका थांबला.

निशिकांतनं माझं मनगट धरलं. मागची बाजू होती.

कुठेतरी शिट्टी वाजली, एकानं भोंगा वाजवला, कुणीतरी ओरडलं. मग तेही थांबलं. एवढ्या मोठ्या शेतात फक्त एक बाई पळत होती. तिची पावलं ऐकू येत होती, हे मला तोवर माहीत नव्हतं; आमच्या अंगणातल्या सिमेंटवर माझे अनवाणी पाय. कबड्डीकबड्डीकबड्डी. कुणी पाणी प्यायला गेलं नाही. काहींनी डोळे मिटले होते. संत्रं देणारी ती मुलगी ओठांनी माझ्याबरोबर ते म्हणत होती, ‘बडीबडीबडी’, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास सुटला. ती छातीवर हात ठेवून थांबली आणि वर ध्वनिक्षेपकांकडे बघत राहिली, कारण तिथे ते अजून चालूच होतं. तिच्या पलीकडे आणखी कुणी तसंच करत होतं, त्याच्यापलीकडे आणखी. एकेकाचा दम तुटत गेला आणि एकेक जण गप्प होत गेला.

मग मी आपटल्याचा आवाज आला. शेतभर एक हुंकार उठला. त्यांना काय माहीत, कुणी पकडलं, कुठे पकडलं. पण ती माणसं पुढे झुकली. मी पाहिलं, सगळीच्या सगळी, पिकावरून वारा जावा तशी. आवाज बारीक झाला, खरखरला, दोऱ्याएवढा उरला. प्रभाकर माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या आणि ते हळूच म्हणत होते, “जा. जा. जा.” ज्यांनी मला धरलं होतं तेच.

दोरा तुटला. क्षणभर काहीच नव्हतं. दूर कुठेतरी पाखरं ओरडत होती.

आणि मग तो श्वास आला, माझा, आत ओढलेला. त्याच्याबरोबर त्या शेतातल्या सगळ्या माणसांनी श्वास घेतला. कुणी ठरवलं नव्हतं. हजारो छात्या एकदम भरल्याचा आवाज मी ऐकला आहे. तो पुन्हा कधी ऐकला नाही. समुद्र मागे हटताना वाळूचा होतो तसा, पण उलटा, सगळा आपल्याकडे येणारा. त्यावर ठोका पडला तेव्हा जे ओरडणं झालं ते मी सांगत बसत नाही. आप्पा टोपी काढून उभे होते.

पुढे त्या तबकडीचं काय झालं ते थोडक्यात सांगते. जिन्याखालची खोकी आठवड्याभरात गेली. डॅरननं पुन्हा छापल्या, त्याही गेल्या. पोरं दुकानात येऊन ‘ती बडी-बडीवाली’ मागायची. एक हिवाळा ती सगळीकडे वाजली आणि मग दुसरं काही आलं. निशिकांतनं आणखी तीन-चार गाणी केली, ती बेताची चालली. आता तो नाटकांच्या ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. मी दोन वर्षांनी इथल्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवू लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत होते. पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळी घरी परततानाचं.

आप्पा मागच्या सीटवर झोपले होते. निशिकांत तिथेच राहिला होता. 

मग प्रभाकर म्हणाले, “अंगणात मी घोटा धरला, तेव्हा तू सोडून का नाही दिलंस? खेळच तर होता. गुडघा फुटला होता तुझा.”

मी बाहेर बघत होते. उत्तर द्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण तोंडानं सुरुवात केली.

“रत्नागिरीला जिल्ह्याची फायनल होती,” मी म्हणाले. “आपल्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. राज्याच्या संघाची निवड त्या सामन्यावरून होणार होती. शेवटची चढाई माझी. एक गुण हवा होता. मी शिवले, वळले, आणि अशीच मागून पकडली गेले. अशीच, घोट्याला. रेषा माझ्या बोटांपासून वीतभर होती. आणि दम तुटला.”

त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

“सर म्हणाले, हरकत नाही, पुढच्या वर्षी. मांडव घालून झाला होता, पुढचं वर्ष कुठलं. मग मी इथे आले. पाच वर्षं मी झोपेत ती वीतभर जागा सरकत होते. एकदाही हात पोचला नाही. अंगणात पोचला. आणि निशीनं तो दम गोल फिरवत ठेवला असता ना, तर हात परत कधीच पोचला नसता. एवढंच.”

प्रभाकरनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, “मला वाटायचं तुला इथे करमत नाही. माझ्यामुळे.”

“तसंही होतं थोडं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “पकडलं कोणी होतं? त्या सामन्यात?”

“गुहागरची एक मुलगी. सुलभा पेडणेकर. डावखुरी. तुमच्यासारखीच आडदांड.”

“आणि त्याआधी? म्हणजे तू कशी लागलीस खेळायला? पहिल्यापासून सांग.”

मी पहिल्यापासून सांगू लागले. आमच्या रस्त्याचं वळण आलं तेव्हा मी नववीत होते आणि अजून संघातही आले नव्हते. त्यांनी आरशात एकदा झोपलेल्या आप्पांकडे पाहिलं, आणि गाडी वळवली नाही.